ओढ्यातली पोती

संकट आलं की माणसं आधी काय शोधतात? उपाय? छे. ज्याच्यामुळं ते आलं तो माणूस शोधतात. वाचकहो, आपल्या घरात दूध उतू गेलं तरी पहिला प्रश्न "कोणी?" हाच असतो. मग बिबट्या आल्यावर काय होत असेल!

पिंपळवंडीच्या बाजूला ओढ्याच्या कडेनं पंधरा-वीस घरांची एक वस्ती होती. दोन हजार दोन सालच्या उन्हाळ्यात तिथं दिवस मावळायच्या आत दारं लागू लागली. वाऱ्यानं ऊस हलला तरी बायांच्या काळजात धस्स होई. आणि एका संध्याकाळी, चांगला उजेड असताना, धोंडाबाईची सात वर्षांची नात आरती घरामागं भांडी घासत होती, तिची मान बिबट्यानं धरली. म्हातारी खुरपं घेऊन धावली म्हणून त्यानं पोरीला सोडलं. अठरा टाके पडले. आरती वाचली, पण बोलायची बंद झाली.

सगळी वस्ती भेदरली. पण धर्माजीइतकं कोणीच भेदरलं नव्हतं, आणि त्याची भीती निराळी होती.

धर्माजीची ओढ्यालगत पोल्ट्री होती. उकाड्यानं रोज दहा-वीस कोंबड्या मरत. त्या खड्ड्यात पुरून वर चुना टाकायचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पहिले दोन खड्डे त्यानं खणलेही. तिसऱ्या दिवशी कंबर धरली, म्हणून त्यानं कोंबड्या पोत्यात भरल्या आणि पोतं ओढ्यात, धोंडाबाईच्या घरामागं टाकून दिलं. उद्या पुरू म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुसरं पोतं गेलं. असा महिना गेला. वासावर आधी कुत्री आली आणि कुत्र्यांमागं बिबट्या आला. बाकीच्यांना उमगलं नसेल, बिबट्या दिसला त्या पहिल्याच दिवशी धर्माजीला उमगलं.

आणि तरीही, आरतीला जीपमधून दवाखान्यात नेल्यावर वनखात्याच्या माणसानं पारावर विचारलं, "इथं जनावर येईल असं काही टाकता का तुम्ही?" तेव्हा धर्माजीच्या तोंडून भलतंच निघालं.

"धोंडाबाईनं औंदा वाघोबाला नारळ दिला न्हाई, सायब."

वाघोबा म्हणजे शिवेवरचा शेंदूर लावलेला दगड. दरसाल घरटी एक नारळ तिथं चढायचा, आणि ते नारळ गोळा करायचा मान धर्माजीचा. बोलून गेला आणि तो स्वतःच दचकला. पण बाकीच्यांना तेवढंच पुरलं. वस्तीत पुढं पुढं करणाऱ्या सावळेरामनं तर ते हातोहात उचललं. आठ दिवसांत ठरूनही गेलं. म्हातारीचं पाप वस्तीला भोवतंय, तिनं नातीला घेऊन मढ गावी भावाकडं निघून जावं. रविवारी सकाळी बैठक, आणि नारळाचा मान त्याचा म्हणून शेवटचा शब्दही धर्माजीचा.

धर्माजीला अन्न गोड लागेना. पोती उचलून आणावीत तर ओढ्यात उतरायची छाती होईना, न आणावीत तर कोणीतरी बघेल. वनखात्याची गाडी वाजली की तो आत जाऊन दार लावून घेई.

"एवढं काय मनाला लावून घेतलंय?" बायको ठमाबाई म्हणाली. "तुमी थोडंच काय केलंय?"

तो उठून बाहेर जाऊन बसला.

शनिवारी दुपारी शीला सिस्टर आल्या. आरोग्य उपकेंद्राच्या नर्स, जुन्नरच्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या, वीस वर्षं याच भागात. आरतीची पट्टी बदलून त्या ठमाबाईचं बीपी बघायला आल्या होत्या. धर्माजी बाजेवर बसून बराच वेळ तंबाखू मळत राहिला.

"सिस्टर," तो शेवटी म्हणाला, "तुमच्यात पाप कशाला म्हंत्यात? नारळ चुकला, उपास मोडला, असंच ना?"

"त्याहून खोल असतं, भाऊ. पाप बाहेरून अंगावर उडत नाही असं आम्ही मानतो. ते माणसाच्या आत मुरलेलं असतं. चांगलं काय ते कळतं, तरी हात नको तिकडंच जातो. माझा, तुमचा, सगळ्यांचा."

"तुमचा कसा? तुमी तर लोकांची सेवा करता."

सिस्टरांनी बीपीचं मशीन पिशवीत ठेवलं. "नव्वद साली पावसात मला एका बाळंतपणाला बोलावणं आलं. फार थकले होते, कडी लावून पडून राहिले. मूल दगावलं. लोकांनी विचारलं तेव्हा म्हणाले, निरोपच मिळाला नाही. निरोप त्याच वाडीतल्या गेणूनं आणला होता. सगळे त्याच्यावर तुटून पडले आणि मी बघत राहिले. कडी लावल्याचं वाईट वाटतंच, पण गेणूचं जास्त वाटतं."

धर्माजीनं मळलेली तंबाखू तशीच खाली टाकली.

"आमच्याकडं सांगतात," त्या म्हणाल्या, "पहिल्या माणसानं पहिली चूक केली आणि भिऊन झाडाआड लपला. देवानं विचारलं तर म्हणाला, ह्या बाईनं दिलं म्हणून खाल्लं. माणूस अजून तसाच आहे. लपतो, आणि लपता यावं म्हणून दुसऱ्याला पुढं ढकलतो."

"मंग सुटायचं कसं?"

"आपल्या जोरावर नाही सुटत. चार वर्षं मी जोर करून बघितला. क्षमा देव देतो, आपली लायकी न बघता देतो. पण जो लपून बसलाय त्याच्या हाती ती पडणार कशी? मी गेणूच्या घरी जाऊन खरं सांगितलं. त्याआधी दोनदा दारातून परत फिरले होते."

"त्यानं माफ केलं?"

"लगेच नाही," सिस्टर म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघाल्या. धर्माजीला धीर आला म्हणावं, तर तसंही नाही. उलट भीती वाढली, कारण आता काय करायचं ते कळलं होतं.

रविवारी पार भरला. धोंडाबाई गाठोडं घेऊन बसली होती. शेजारी मानेला पट्टी बांधलेली आरती.

"धर्माजीभाऊ, बोला," सावळेराम म्हणाला, "म्हंजी टेम्पो बोलावतो."

धर्माजी उठला. आरती त्याच्याकडंच बघत होती.

"म्हातारी कुटं जायची न्हाई," तो म्हणाला. "बिबट्या माझ्यापायी आलाय. मेलेल्या कोंबड्यांची पोती वढ्यात पडल्यात, हिच्या घरामागं. म्हैनाभर मीच टाकली. अन् नारळाचं बी मीच काढलं, कुणी वढ्याकडं बघू नये म्हणून."

सावळेरामचं तोंड उघडंच राहिलं. पलीकडच्या पोल्ट्रीवाल्या चिमाजीनं मान खाली घातली आणि पुटपुटला, "दोन पोती माजी बी हाईत."

धोंडाबाई उठून धर्माजीसमोर आली. "अठरा टाकं मोजल्यात मी. तुला माफ केलं, असं माज्या तोंडातनं येत न्हाई."

"नगं येऊ दे. पर तू जाऊ नगं."

म्हातारीनं गाठोडं खाली ठेवलं. "आधी ती घाण काढ," ती म्हणाली.

धर्माजी फावडं घेऊन ओढ्यात उतरला. कडेचा ऊस खसखसला आणि त्याचे पाय जागीच गोठले. पळावंसं वाटलं, पण पळाला नाही. थोड्या वेळानं मागं पावलं वाजली. चिमाजी आला होता, त्याच्यामागं पत्र्याचा डबा वाजवत सावळेराम. दुपारपर्यंत खोल खड्डा खणून, चुना टाकून सगळं पुरलं. पुढं बिबट्या ओढ्याला कमी कमी दिसू लागला. धोंडाबाई मात्र दिवाळीपर्यंत धर्माजीशी बोलली नाही, आणि त्यानंही तिला घाई केली नाही.

मंडळी, पापी माणूस म्हणून कोणी निराळा जन्माला येत नाही. ती खोड तुमच्या-आमच्यात सारखीच आहे. म्हणून संकटात दुसऱ्याचं पाप शोधायला निघण्याआधी थांबा आणि स्वतःला विचारा, यात माझं काय आहे? भीती वाटेल. वाटू द्या, पण खरं बोला. त्या सकाळी धर्माजी गप्प राहिला असता तर एक म्हातारी आणि एक मुकी झालेली पोर टेम्पोत बसून निघून गेली असती, आणि वस्तीचं पाप गेलं म्हणून आपण सगळ्यांनी समाधानानं हात जोडले असते.