स्वीटीमातेचे अश्रू आणि अठरा डिग्री

सिंदी (रेल्वे) इथल्या अण्णाजींच्या फाटकापुढे भर दुपारी चपलांचा ढीग पडला होता. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ भाजणारे दिवस, सुरू होता, पारा सेहेचाळीसवर आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा उन्हात थेट आंजीहून बाया-माणसं टेम्पो करून आली होती. कशासाठी, तर मांजरीच्या दर्शनाला.

मांजरीचं नाव स्वीटी. हल्ली तिला स्वीटीमाता म्हणायचं. बैठकीत एसीच्या नेमकं समोर एक गादीची खुर्ची, खुर्चीवर गुलाबी नायलॉनचं ब्लँकेट आणि त्यावर स्वीटीमाता डोळे मिटून बसलेली. शेजारी शाल पांघरून लहानू महाराज. समोर अण्णाजींच्या दिवंगत पत्नीचा, प्रमोदिनीकाकूंचा फोटो. काकूंचा आत्मा मांजरीत उतरतो, असा महाराजांचा दावा. महाराज घंटा वाजवून विचारायचे, "प्रमोदिनीबाई, आल्या का?" की दोन मिनिटांत मांजरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग महाराज तिच्या पाठीवरून तीनदा उलटा हात फिरवायचे आणि भक्ताचं बोट तिच्या नाकाला लावायचे. चट् करून ठिणगी. भक्त हात झटकून धन्य व्हायचा.

मी तिथे दर्शनाला गेलो नव्हतो. मी तानबा, कूलर दुरुस्त करतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी भौतिकशास्त्राने माझी साथ सोडली, तेव्हापासून हाच धंदा. अण्णाजींच्या मुलाने, अच्युतने, पुण्याहून येऊन बापासाठी एसी बसवला आणि घरातला जुना कूलर न्यायला मला सांगितलं होतं. एसीबद्दल माझ्या मनात आकस आहे हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे कोणी बोट दाखवायला नको.

महाराजांचा पूर्वीचा धंदा मोबाइल रिचार्जचा. दुकान बसलं, महाराज उठले. जुनी भाषा मात्र सुटली नव्हती. ते लोकांना सांगत, "आत्म्याले रेंज लागते. गरमीत आत्म्याचं नेटवर्क तुटते. अठरा डिग्रीवर फुल्ल टॉवर." त्यामुळे एसी दिवसभर अठरावर. आत्म्याच्या सोयीसाठी महाराजही मे महिना लागल्यापासून त्या खोलीतून हलले नव्हते. जेवण तिथेच, झोप तिथेच. भक्तांचंही तेच. दर्शन दोन मिनिटांचं, पण दोन-दोन तास कोणी उठत नव्हतं. एक आजोबा तर फोटोकडे पाठ करून घोरत होते.

मी दाराशी उभा राहून तीन वेळा अश्रू पाहिले. आयुष्य यंत्रांचे आवाज ऐकण्यात गेलं आहे. मोटर कुठे घासते हे मी रस्त्यावरून सांगतो. घंटेच्या आवाजाखाली दर वेळी एक बारीकसा "पीं" ऐकू येत होता. आणि "पीं" झालं की एसीची झडप खाली वळून वाऱ्याचा झोत थेट मांजरीच्या तोंडावर यायचा. महाराजांचा डावा हात शालीखालीच असायचा.

मनाशी हसलो आणि कूलर बघायला मागे गेलो. आपल्याला काय, लोकांना गारवा मिळतो आहे, मिळू दे. पण स्वयंपाकघरात भागाबाई भेटल्या. अण्णाजींकडे पंधरा वर्षं पोळ्या करणाऱ्या. त्या खोलीत पंखासुद्धा नव्हता आणि बाईंचा पदर घामाने ओला होता. पाण्याचा गडवा माझ्या हातात देत त्या हळूच म्हणाल्या, "तानबाभाऊ, स्वीटी तीन दिवसाची जेवली नाई. दूध नाई, सुकट नाई. महाराज म्हणते, उपास हाये. मांजर काऊन उपास करन?"

तेव्हा माझं हसू गेलं. मी सेलूला जनावरांच्या डॉक्टरांना, दीपमाला उईके मॅडमना फोन लावला. त्यांचा सगळा दिवस बैलांत आणि शेळ्यांत जातो, पण मांजर म्हटल्यावर त्यांनी नीट विचारलं. शिंकते का, नाक वाहतं का, झोतातच बसते का. भागाबाईंना विचारून मी तिन्हीला हो म्हटलं. मग म्हणाल्या की मांजर वासावर जेवतं. नाक चोंदलं की समोरचं अन्न त्याच्यासाठी नसतंच. आणि मांजराची उपासमार चार-पाच दिवस चालली की यकृतावर येतं, मग वाचवणं कठीण. आजच उपचार हवेत, मी चारपर्यंत पोचते.

मी अण्णाजींना बाजूला घेतलं. तहसील कचेरीत हेडक्लार्क होते, अर्जातली एक मात्रा चुकली तरी परत करणारे. ते असल्या नादाला कसे लागले याचा मला मनापासून राग आला होता. मी म्हटलं, मांजर आजारी आहे, तिला झोतातून उठवा. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"तानबा, चाळीस वर्षं कूलरसमोर मी बसलो. ती चुलीपाशी. एक दिवस म्हटलं नाई का तू बस इथं. आता बसली हाये, त बसू दे तिले."

माझा राग जिथल्या तिथे विरला. आपल्याकडे पाहुणा आला की त्याला कूलरसमोरची जागा द्यायची, यापेक्षा मोठा मान उन्हाळ्यात नाही. कूलरचा वारा ओला असतो, लांबून येतो, तो अंगावर घ्यायचाच असतो. अण्णाजींनी तोच मान नव्या यंत्रापुढे मांजरीला दिला होता. कोरडा, बर्फासारखा झोत, हातभर अंतरावरून, दिवसभर. ती दोनदा उतरून पलंगाखाली गेली होती म्हणे. अण्णाजींनीच तिला उचलून पुन्हा मानाच्या जागी बसवलं. अशा माणसाकडून मांजर हिसकावून घेता येत नाही. त्याचा विश्वास आधी सुटायला हवा होता, आणि तोही चारच्या आत.

मी बैठकीत गेलो, महाराजांना वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "महाराज, मातेले थोडा आराम द्या. ह्या आसनावर आता तुमीच बसा. तुमच्यातून काकू बोलन." भक्तांना कल्पना पसंत पडली. मानाची जागा कोणाला नको असते? दाराशी आलेल्या भागाबाईंनी स्वीटीला मांडीवर घेतलं आणि महाराज खुर्चीवर विराजमान झाले. मी सांगितलं, फोटोकडे एकटक बघा, पापणी लवली की रेंज जाते. त्यांचीच भाषा होती, नाही म्हणता येईना.

घंटा मी हातात घेतली. दुसऱ्या हातात माझा मोबाइल. त्यात रिमोटचं काम करणारं ॲप आहे. अनेकांच्या फोनमध्ये असतं, त्यात कसली सिद्धी नाही. घंटा वाजवली, बटण दाबलं. झडप खाली आली.

पहिल्या मिनिटाला महाराजांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. दुसऱ्याला डोळे भरले. तिसऱ्याला गालांवरून धारा लागल्या आणि लागोपाठ चार शिंका.

"काकू आल्या का महाराज?" मी विचारलं.

पुढची रांग हसली. मग घंटा न वाजवता मी पुन्हा बटण दाबलं. "पीं" सगळ्यांना ऐकू आलं आणि झडप वर जाताना सगळ्यांना दिसली. महाराज तावातावाने उठले, तर शालीतून एसीचा रिमोट खाली पडला. तो कोणी उचलला नाही.

ठिणगीचं गणित उरलं होतं. मी नायलॉनचं ब्लँकेट महाराजांच्या शालीवर घासलं आणि घोरणाऱ्या आजोबांच्या बोटाजवळ नेलं. चट्. आजोबा जागे झाले. मग ब्लँकेटवर ओला टॉवेल फिरवून तेच केलं, काही नाही. एसी हवेतलं पाणी ओढून घेतो. कोरड्या हवेत नायलॉन आणि केस एकमेकांवर घासले की वीज साठते, आणि बोट लागलं की सुटते. काकू होत्या तेव्हा घरात कूलर होता, हवा ओली होती, म्हणून स्वीटीने कधी कोणाला झटका दिला नाही. भौतिकशास्त्राने मला सोडलं होतं, मी त्याला सोडलं नव्हतं.

लोक हसत, चपला शोधत निघाले. अण्णाजी हसले नाहीत. दीपमाला मॅडम दारात येऊन उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघत अण्णाजींनी विचारलं, "म्हणजे ती आलीच नोती?"

मॅडमनी डोळे चुकवले नाहीत. "नाई, काकाजी. ही मांजर हाये, अन् ती बिमार हाये. हिले वाचवता येते."

अण्णाजी खुर्चीवर बसले. तोंड एसीकडे होतं. मी मघाशी झडप वर केली होती, वारा त्यांच्यापर्यंत येत नव्हता. तरी त्यांचे डोळे वाहत होते. मग ते उठले, भागाबाईंच्या मांडीवरून स्वीटीला स्वतः उचललं आणि मॅडमच्या स्वाधीन केलं.

महाराज त्याच संध्याकाळी टेम्पोने निघून गेले. टेम्पोत एसी नव्हता.

स्वीटीला सलाइन लागलं, नाक कोमट पाण्याने साफ झालं, औषधं चालली. चौथ्या दिवशी तिने कोमट केलेल्या सुकटीचा वास घेतला आणि वाटी चाटून ठेवली. मला वाटलं होतं, मॅडम आता एसीला चार शब्द सुनावतील आणि माझ्या धंद्याला बरे दिवस येतील. त्या म्हणाल्या, ह्या उन्हात एसी मांजरीला चांगलाच आहे. सव्वीसवर ठेवा, झोत वर करा, जवळ पाणी ठेवा आणि दार किलकिलं असू द्या, नको वाटलं तर ती उठून जाईल. तिला समजतं, तुम्ही फक्त उचलून परत बसवू नका. शिवाय तानबाभाऊ, तुमच्या कूलरच्या टाकीत डासांच्या अळ्या आहेत. मी खाली बघितलं.

आठवड्याने अण्णाजींचा फोन आला. तू नेलेला जुना कूलर मोडीत काढू नकोस, म्हणाले, घासून-पुसून, नवं गवत भरून घेऊन ये. मी गेलो. त्यांनी मला बैठकीत थांबू दिलं नाही, सरळ स्वयंपाकघरात नेलं आणि खिडकी दाखवली. शेगडीवर वारा येणार नाही पण पोळपाटाशी बसलेल्या माणसाच्या अंगावर येईल, असा बसवायचा होता. भागाबाई कणीक मळत होत्या. कशाले उगाच, म्हणाल्या. अण्णाजींनी स्वतः पाण्याची बादली आणून टाकीत ओतली. मी बटण दाबलं आणि बाईंच्या कपाळावरचे केस हलले.

वाचकहो, सांगायचं ते एवढंच. जनावराच्या डोळ्याला पाणी आलं तर आधी डॉक्टरला विचारा. कोणी चमत्कार दाखवला तर त्याच्या जागी त्यालाच बसवून बघा. आणि मेलेल्या माणसासाठी खुर्ची मांडण्याआधी आपल्या घरात आत्ता, ह्या क्षणी, कोण घामात उभं आहे ते जरा आत जाऊन पाहून या.