नव्वद टक्क्यांसाठी काढलेल्या चार ओळी

घोटावड्याच्या दादासाहेबांच्या हॅचरीत एका रविवारी साडेनऊ हजार अंडी थंड पडली, तेव्हा अंड्यांची ऊब सांभाळणारं भिंतीवरचं यंत्र अतिशय समाधानानं साडेसदतीस अंश दाखवत होतं. सोमवारीही ते साडेसदतीसच दाखवत होतं.

मंगळवारी दादासाहेब यंत्र बनवणाऱ्या कंपनीत आले. कंपनी म्हणजे बंद पडलेल्या बिस्किट कारखान्याचा वरचा मजला आणि सात माणसं. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि घमेलंभर अंडी मीटिंगच्या टेबलावर ठेवली.

"तुमच्या मशिनीत साडेसदतीस हाय," ते म्हणाले, "आन् अंड्यात न्हाई. कुणी बनवलंय त्येला बगायचंय मला."

कंपनी चालवणाऱ्या शैलेश सरांनी त्यांना चहा पाजला आणि नवीन मुलगी आहे, शिकतेय, असं सांगून वाटेला लावलं. घमेलं राहिलं. ते उचलायचं कुणी, यावर दोन दिवस चर्चा झाली.

नवीन मुलगी म्हणजे क्षितिजा. वाशिमची, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर, पैकी साडेपाच सरलेले. यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा जो अगदी आतला गाभा, कर्नल, त्यात सेन्सरकडून तापमान घेणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम तिनं लिहिला होता. हीटर चालू-बंद व्हायचा तो त्याच्याच भरवशावर. आता तो कोड तपासून मेमरी कुठं गळते आणि टेस्टमध्ये किती ओळी चालून बघितल्या आहेत, याचा रिव्ह्यू कंपनीतल्या जुन्या स्वानंदनं शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. क्षितिजा कायम होणार की वाशिमला परत जाणार, हे त्यावर ठरणार होतं. सर तसं म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, "बघ जरा काय ते."

स्वानंदला बघायला साडेतीन मिनिटं लागली. तापमान विचारण्याआधी ड्रायव्हर थोडी मेमरी घ्यायचा आणि उत्तर मिळालं की परत द्यायचा. सेन्सर गप्प बसला, आणि हॅचरीच्या दमट हवेत तो सारखाच गप्प बसायचा, की ड्रायव्हर घेतलेली मेमरी तिथंच टाकून निघून जायचा आणि पुढच्या वेळी नवीन मागायचा. नवव्या दिवशी मागायला काही उरलं नाही. यंत्र थिजलं. हीटर तेव्हा नेमका बंद होता.

मेमरी परत करणाऱ्या चार ओळी तिथं असायला हव्या होत्या. त्या होत्या. स्वानंदनं काढल्या होत्या.

त्याचं झालं असं. टेस्टमध्ये नव्वद टक्के ओळी चालल्याशिवाय कंपनीची यंत्रणा कोड आत घेत नसे. क्षितिजाचा ड्रायव्हर शहाऐंशीवर अडकला होता. टेस्टसाठीचा ऑफिसातला सेन्सर एसीत राहणारा, सुखवस्तू. तो कधी गप्प बसायचाच नाही, म्हणून त्या चार ओळी कधी चालायच्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी माल जायचा होता. क्षितिजा जेवायला गेलेली, लॅपटॉप उघडा. स्वानंदनं त्या ओळी उडवल्या आणि टक्केवारी एक्क्याण्णव झाली. दहावीची कच्ची पोरं सतरा नंबरच्या फॉर्मवर बाहेर बसवली की शाळेचा निकाल वाढतो, त्यातलाच प्रकार. तिला तो म्हणाला, थोडं साफ केलंय. ती थँक्यू म्हणाली. सरांनी केक आणला. त्यावर क्रीमनं ९१ लिहिलं होतं, त्यामुळे खालचा वॉचमन वाढदिवस समजून आजोबांना शुभेच्छा द्यायला वर आला होता.

कोडच्या इतिहासात मात्र ओळी काढणाऱ्याचं नाव क्षितिजा होतं. लॉगिन तिचं होतं. स्वानंद गप्प बसला तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. त्यानं रिव्ह्यूत लिहिलं, 'चार ओळी काढल्या गेल्याचे दिसते.' वाक्यात एकही माणूस नव्हता. त्याला ते आवडलं, आणि मग दोन दिवस जेवण गेलं नाही.

गुरुवारी दुपारी क्षितिजा त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"खरं सांग. माझं डोकं ठिकाणावर आहे असं वाटतं का तुला?"

काय झालं, त्यानं विचारलं.

"त्या ओळी मी लिहिल्या होत्या. मला पक्कं आठवतंय. आणि काढल्यात पण मीच. ते काही केल्या आठवत नाही." तिनं ओठ चावला. "काल गॅस बंद केलाय का बघायला लवळ्याला रूमवर दोनदा परत गेले. शनिवारी आई येतेय. डॉक्टरकडे न्यायला."

अशा वेळी स्वानंदकडे एखादा विनोद तयार असे. त्यानं शोधला. नव्हता.

"त्या मी काढल्या," तो म्हणाला. "तू जेवायला गेली होतीस. तुझ्या लॅपटॉपवरून."

मग तिनं विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"मंगळवार."

"मंगळवारपासून तू मला बघतोयस."

स्वानंदनं रिव्ह्यू नव्यानं लिहिला आणि वाक्यात स्वतःला घातलं. सरांना ते पसंत पडलं नाही. दादासाहेबांना नवी मुलगी सांगून झालीय, आता जुना माणूस सांगितला तर कंपनीचं आणखी वाईट दिसेल, 'टीम' लिही, असं त्यांचं म्हणणं. स्वानंदनं बदललं नाही. मग सोमवारी घोटावड्याला तूच जाऊन उभा राहा, सर म्हणाले, आणि तुझं काय करायचं ते आल्यावर बघू.

शुक्रवारी त्यानं चार ओळी परत घातल्या. टक्केवारी शहाऐंशी झाली, आणि दुरुस्ती निकृष्ट आहे म्हणून यंत्रणेनं ती परत पाठवली. शेवटी सेन्सरची वायर हातानं उपटून तो गप्प बसेल अशी टेस्ट लिहावी लागली. ती तपासून मंजूर करण्याइतका तो ड्रायव्हर एकाच माणसाला ठाऊक होता.

क्षितिजा शेजारी खुर्ची ओढून बसली. तिनं एकेक ओळ वाचली, प्रत्येकीचं कारण विचारलं. स्वानंद वायर उपटायचा, ती मेमरीचा आकडा बघायची आणि म्हणायची, "परत." असं साठ वेळा झालं. आकडा हलला नाही. तिनं मंजुरी दिली आणि खाली, कंपनी असेपर्यंत पुसता येणार नाही अशा जागी लिहिलं, 'कोड बरोबर आहे. माझ्या लॉगिनला कुणी हात लावू नये.'

मग तिथंच बसून तिनं आईला फोन लावला. डॉक्टरची गरज नाही, मी विसरले नव्हते, दुसऱ्यानं केलं होतं, म्हणाली. कुणी केलं, असं आईनं विचारलं असावं. साडेपाच महिने ती आणि स्वानंद एकाच टेबलावर जेवत आले होते.

"कुणी नाही गं," क्षितिजा म्हणाली. "ऑफिसमधला एक जण आहे."