हलकं आहे, छान आहे

पडद्यांच्या दुकानाला कुलूप लागलं तेव्हा तिला शिवणकामाखेरीज दुसरं काही येत नव्हतं, आणि शिवणकाम आता कुणाला नको होतं. तयार पडदे पाकिटात घड्या घालून यायला लागले होते. दुकानाच्या मालकाने जाताना तिला तिची कात्री तेवढी दिली. बरेच दिवस ती घरी बसून होती. मग शेजारणीने सांगितलं, की पुलापलीकडच्या काचेच्या इमारतीत माणसं हवी आहेत. काम काय, तर डोक्याला एक नवं यंत्र बांधून खोलीत फिरायचं आणि कसं वाटलं ते सांगायचं.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच. शिक्षण नको, अनुभव नको. उलट कोरं माणूसच हवं म्हणतात."

नवऱ्याला हसू आलं. तो औषधांच्या गोदामात होता. शिडी लावून उंच मांडण्यांवरची खोकी काढायची, खाली आणून द्यायची, दिवसभर तेच. "आम्ही राब राब राबतो, पण कसं वाटलं म्हणून कुणी विचारत नाही," तो म्हणाला. "तुझी मजा आहे. वाटण्याचा पगार."

पहिल्या दिवशी तिच्या डोक्यावर जे चढवलं ते पोहायचा चष्मा आणि शिरस्त्राण यांच्या मधलं काहीतरी होतं. पुढे काळी काच, मागे पट्टा, पट्ट्याला घट्ट करायची चकती. तिने डोळे उघडले तर समोर तीच खोली, तेच टेबल, टेबलावर तोच कप.

"बंद आहे वाटतं," ती म्हणाली.

यंत्र बांधणारा तरुण हसला. "चालू आहे. तुम्ही बघताय ती खोली कॅमेऱ्यातून दिसतेय. आता थांबा."

टेबलाच्या कडेमागून एक केशरी मासा वर आला. हवेत पोहत पोहत तिच्या मनगटाभोवती फिरला आणि कपामागे जाऊन लपला. तिने कप बाजूला सरकवला, तसा तो घाबरून पळाला. ती खळखळून हसली. आपण असं हसू शकतो हे ती विसरूनच गेली होती. मग समोरच्या कोऱ्या भिंतीत एक खिडकी उघडली आणि खिडकीबाहेर तळं दिसायला लागलं. तिने सवयीने हात लांब करून त्या खिडकीची रुंदी वितीने मोजली. चुण्या घालून दुप्पट कापड लागेल, असं तिच्या मनात आलंसुद्धा.

नंतर तिला एका लहान खोलीत नेलं. तिथे एक मुलगी समोर आवाज टिपणारं यंत्र ठेवून प्रश्न विचारायची. तिला सगळे प्रश्नवाली म्हणत. मुलगी गोड होती, नखं कुरतडायची.

"काय वाटलं ते मोकळेपणी सांगा."

हिने मोकळेपणी सांगितलं. मासा अगदी खरा वाटला, खिडकीही. पण मान जड झाली. आणि आता होडीतून उतरल्यासारखं वाटतंय, जमीन जरा हलतेय. प्रश्नवालीने मान डोलावली, पण तिचा चेहरा पडला.

त्याच दिवशी एका निवृत्त नर्सबाईंना उलटी झाली. त्यांनीही ते सरळ सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची रिकामी होती.

"त्या नाही आल्या?" तिने शेजारच्याला विचारलं. तो उंच, वाळकुडा माणूस आधी बस चालवायचा. सगळे त्याला लंब्या म्हणत.

"आल्या नाहीत म्हणजे बोलावलंच नाही," लंब्या म्हणाला. "मावशी, तुम्ही काल होडी म्हणालात ना? ती होडी विसरा. एकदा माफ असतं."

"पण खरं कळावं म्हणूनच तर आपल्याला बसवलंय."

"नर्सबाईंनी खरं सांगितलं. कुठं आहेत त्या?"

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी ओरडलं, "चला, झापडं बांधा, गाडीला जुंपायची वेळ झाली," आणि सगळे हसत उठले. त्या यंत्राला तिथली माणसं झापडच म्हणायची.

तिनेही कानाला खडा लावला. प्रश्नवालीने "चक्कर?" म्हणून विचारलं की "नाही." "मळमळ?" "छे." "घरी वापरावंसं वाटेल?" "का नाही? हलकं आहे, छान आहे." ही दोन वाक्यं तिने इतक्या वेळा म्हटली की ओठ आपोआप हलायचे. तशी उत्तरं ऐकली की प्रश्नवालीचा जीव भांड्यात पडायचा. तिच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं असणार.

खरं वेगळंच होतं. हात उचलला की काचेतला हात किंचित मागाहून उचलला जायचा. मान वळवली की भिंत फरफटत मागून यायची. कामावर निघण्याआधी तिने खाणं सोडलं. रुमालात लिंबाची साल ठेवायची आणि यंत्र चढवण्याआधी खोल हुंगायची. लंब्याची युक्ती वेगळी होती. तो न्हाणीघरात जाऊन नळ पूर्ण सोडायचा, म्हणजे ओकारीचा आवाज बाहेर येत नसे. तो एकटाच नव्हता. दुपारनंतर त्या मजल्यावरचे नळ सारखे वाहत असायचे, आणि त्याबद्दल कुणी तोंडातून ब्र काढत नसे.

घरी लेक दारातच वाट बघायची. "आई, आज काय दिसलं?"

मग ती सांगायची. आज जिराफाने टेबलाखाली मान घातली. आज छतातून पानं पडली आणि मी ती झाडून गोळा केली. लेक ते शाळेत जाऊन तिखटमीठ लावून सांगायची. वर्गात तिचा भाव वधारला होता. त्यामुळे सांगता सांगता आई भिंतीला पाठ का टेकते, हे लेकीच्या लक्षात आलं नाही. नवऱ्याच्या आलं. रस्ता ओलांडताना ती त्याची बाही धरायला लागली होती.

"डोळे तपासून घे," तो म्हणाला.

"झोप कमी होतेय हो. दुसरं काही नाही."

मग एके दिवशी सगळ्यांना मोठ्या दालनात बोलावलं. वरच्या मजल्यावरच्या बाई आल्या. हसतमुख, मऊ बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आधीच्या गटांत अर्ध्या लोकांना चक्कर यायची. आम्ही काचेत आणि कॅमेऱ्यात सुधारणा केली, आणि तुमच्या गटात एकालाही त्रास नाही. हे तुमचं यश आहे. आता मधेमधे यंत्र काढून घ्यायची सक्तीची विश्रांती आम्ही काढून टाकतोय. यंत्र बाजारात जाईल तेव्हाही ती अट नसेल."

टाळ्या सुरू झाल्या. तिने लंब्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून टाळ्या वाजवत होता. तिचे हात क्षणभर मांडीवर राहिले. मग तेही उठले.

त्यानंतर झापडं सलग बांधलेलीच राहायला लागली. एका दुपारी तिने यंत्र काढून ठेवलं आणि नेहमीप्रमाणे जमीन थांबायची वाट पाहिली. जमीन थांबली नाही. ती व्हरांड्यात भिंतीला धरून खाली बसली, तिथून उठवून तिला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी उशीवरून मान वळवताच खोली गरकन फिरली. पुढच्या आठवड्यातही तेच.

डॉक्टरांनी तिचे कान पाहिले, डोळे पाहिले, तिला सरळ रेषेत चालायला सांगितलं. ती रेषा सोडून कपाटावर धडकली. त्यांनी कधीपासून होतंय असं विचारलं, तेव्हा तिने पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. नवरा शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होता.

"यंत्रामुळे असेल," डॉक्टर म्हणाले. "किंवा मुळात काहीतरी होतं ते यंत्राने उघडं पाडलं असेल. छातीठोक सांगता येत नाही. कमी होईल. काहींचं नाही होत. पण त्या लोकांना सांगा तुम्ही हे."

ती सांगायला गेली. नवरा फाटकापर्यंत सोडायला आला होता. प्रश्नवालीने सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ नखं कुरतडत राहिली.

"मावशी, तुम्ही रोज मला नाही म्हणालात."

"म्हणाले."

"माझ्याकडे ते तुमच्या आवाजात आहे."

"असणारच. बाळ, मी खोटं बोलत होते. सगळेच बोलतात. दुपारनंतर न्हाणीघराशी जाऊन उभी राहा, नळ ऐक."

मुलीचे डोळे भरले. ती उठून वर गेली, आणि परत आली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. कुणीतरी सांगितलेलं ती सांगत होती. "यंत्रं विक्रीला गेलीत. बाकीच्यांना आत्ताच विचारलं, कुणाला काही त्रास नाही. तुम्हाला हे आधीपासूनच असावं, असं म्हणणं आहे. तुम्ही ते लपवून काम घेतलंत, असंही म्हणता येईल. पण तसं कुणी म्हणणार नाही. तुम्ही विश्रांती घ्या."

बाहेर पडताना लंब्या जिन्याशी भेटला. त्याने मान वर केली नाही.

"तुला विचारलं त्यांनी?"

"विचारलं."

"मग?"

"मावशी, मी घरून चालत येतो. सायकलसुद्धा सोडली. मला आता बसवर कोण घेईल? हे गेलं तर काय करू मी?"

तिला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. तो आधारासाठी होता की समजावण्यासाठी, ते तिचं तिलाही कळलं नाही.

मग दिवस नुसते गेले. तिने शिवणयंत्र पुन्हा बाहेर काढलं, पण सुई खाली-वर व्हायला लागली की तिला टेबलाची कड धरावी लागायची. दोनदा तिने डोळे मिटून शिवण घालून पाहिली. ती वाकडीतिकडी गेली. बाजारहाट नवऱ्याकडे गेला, कपडे वाळत घालणं लेकीकडे. बसल्या जागी होईल तेवढं काम तिच्याकडे उरलं. लेक आता शाळेतून आली की काही विचारायची नाही. दप्तर ठेवायची आणि दोरीवरचे कपडे काढायला लागायची. नवरा कधी चिडला नाही. तो चिडला असता तर बरं, असं तिला अधूनमधून वाटायचं.

एका संध्याकाळी तो कामावरून आला आणि चपला काढताना त्याने चौकट धरली. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"काय झालं?"

"कुठे काय?"

"इकडे या. दिव्याखाली या जरा."

तो आला. त्याच्या नाकाच्या दांडीवर आडवा लाल वळ होता. असा वळ कशाने उठतो, हे तिला विचारावं लागलं नाही.

"कधीपासून?"

"या आठवड्यात आली यंत्रं," तो म्हणाला. "सोय आहे तशी. कुठल्या मांडणीवरचं कुठलं खोकं घ्यायचं तिथे हवेत बाण दिसतो. चुका होत नाहीत. सुरुवातीला सगळ्यांना जरा जड जातं म्हणे."

"शिडीवर?"

तो पाण्याचा तांब्या उचलायला वळला.

"अहो, मी शिडीचं विचारतेय."

"शिडीवर काढून ठेवता येत नाही. मग डोळे मिटून घेतो क्षणभर. पायरी पायाने चाचपतो. जमतं."

"मधे सुट्टी देतात?"

"सुट्टीची गरज नाही म्हणतात. माणसांवर तपासून झालंय." एवढं बोलून तो थांबला. आपण कुणासमोर काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने पटकन ताटातली पालेभाजीची जुडी उचलली आणि देठं मोडायला लागला.

"ती माणसं म्हणजे मी," ती म्हणाली.

"तू एकटी नव्हतीस."

"मी टाळ्या वाजवल्या."

"असू दे गं."

"उद्या जाऊन सांगा त्यांना. मी लिहून देते हवं तर. डॉक्टरांचा कागद आहे."

"एकाने सांगितलं," नवरा म्हणाला. "परवाच. त्याला शिडीवरून काढून फाटकावर बसवलं. काल फाटकावर दुसराच होता." त्याने देठं एका बाजूला सारली. "आज आमच्यातल्या प्रत्येकाला विचारलं, कसं वाटतंय म्हणून. मी म्हटलं, बरं आहे. माझ्या मागच्यानेही तेच म्हटलं. आपल्या घरात आता मी एकटा मिळवतो. मी काय म्हणायला हवं होतं, सांग तू."

तिने मोडलेली देठं मुठीत गोळा केली. आतल्या खोलीत लेक मोठ्याने धडा वाचत होती, ती मधेच थांबली आणि मग पुन्हा वाचायला लागली. नवऱ्याने भाजी धुवायला नेली. चुलीशी उभं राहताना तो ओट्याला कंबर टेकून उभा राहिला. ते पाहून तिने मान वळवली, आणि मान वळवताच खोली फिरली म्हणून डोळे मिटून घेतले.

सकाळी तो वेळेवर उठला. चहा प्याला, डबा घेतला, लेकीला हाक मारून दार लावायला सांगितलं. ती स्वयंपाकघरातच बसून राहिली. जिन्यावरून त्याची पावलं ऐकू येत होती. नेहमी तो धडाधड उतरायचा. आज एकेक पायरी, आणि शेजारी भिंतीवरून तळहात घासत गेल्याचा आवाज. वळणावर तो थांबला. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. लेक दारात उभी राहून खाली वाकून बघत होती.

"बाबा?" लेकीने हाक मारली.

"काही नाही, जा तू आत," खालून तो म्हणाला, आणि पावलं पुन्हा उतरायला लागली.