दोन नाकांचा संत

आमचे हे, कांपुलो, गाएता बंदराच्या टांकसाळीत घण मारतात. जुन्या ड्यूकची तांब्याची नाणी तापवायची आणि त्याच्याच तोंडावर संत एरास्मोचा नवा ठसा हाणायचा, हे ह्यांचं काम. नवं तांबं आणायचं नव्या ड्यूकच्या जिवावर येतं. शिवाय तो म्हातारा ड्यूक त्याला कुठे दिसायलाही नको असतो.

संताची जत्रा तोंडावर आली म्हणून टांकसाळीत घाई उडाली, आणि नेमके कोळसे ओले निघाले. "थांबा जरा, वाळू द्या," मी म्हटलं होतं. पण बायकोचं ऐकलं तर ह्यांची मिशी खाली पडते ना! तांबं अर्धवट तापलं, ह्यांनी तसाच घण घातला, आणि म्हाताऱ्याचं ते बाकदार नाक काही बुजेना. संताच्या गालावर आणखी एक नाक! पोतंभर नाणी शिपायांच्या पगारात वाटून झाली, तेव्हा कुठे ते टांकसाळीचा मुख्य आनातोलिओ याच्या ध्यानात आलं.

"उद्या बाजारात एकानं जरी हे नाणं नाकारलं," तो ह्यांना म्हणाला, "तर घण ठेवायचा आणि बायकोबरोबर मासे विकत बसायचं."

हे घरी आले ते तोंड पाडून. "मेगालू, गेलं गं माझं काम." चांगलं फैलावर घेणार होते मी, पण तो चेहरा बघून शिव्या गिळल्या. ह्या माणसाला दुसरं काही येत नाही हो!

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर मी खारवलेल्या मासळीच्या टोपल्या मांडल्या. हे टोपल्यांमागे दडून बसले. समोरच्या पिंपावर आनातोलिओ ठाण मांडून बसला, गिऱ्हाइकांच्या हातांवर डोळा ठेवून. पण दुपार झाली तरी दोन नाकांचं एकही नाणं बाजारात आलं नाही. सगळी एकाच नाकाच्या संताची, झिजलेली.

"पोतंभर नाणी गेली कुठे?" तो चडफडला.

तेवढ्यात द्रोसू आली. द्रोसू म्हणजे माझी जन्माची वैरीण. आमच्या शिव्या समुद्रातल्या होड्यांनाही ऐकू जातात. तिची मूठ घट्ट मिटलेली होती. बोटांच्या फटीतून मला ते बाकदार नाक दिसलं. संपलं, मी मनात म्हटलं, आता ही सूड उगवणार.

"ए बाई," आनातोलिओ उठला, "तुझ्याकडे आलंय का दोन नाकांचं नाणं? असेल तर बोल, बदलून देतो."

द्रोसूनं ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"दोन नाकं?" ती म्हणाली. "मालक, सकाळपासून किती ढोसलीत?"

अख्खा धक्का खो खो हसला. आनातोलिओ लालबुंद झाला. तक्रार नाही, नाणं नाही, करतो काय? "उद्या वेळेवर ये," असं ह्यांच्यावर खेकसून तो चालता झाला.

मग द्रोसूनं मूठ उघडली आणि त्या नाकावरून अंगठा फिरवला.

"चाचे आले तेव्हा ह्या म्हाताऱ्यानं किल्ल्याचं दार आधी आम्हा कोळ्यांना उघडलं. माझी पोरं जगली. हा खर्चायचा होय गं? शिपायांनी काल उधाऱ्या फेडल्या, तेव्हापासून कुणाच्याही घरात बघ, चुलीमागे ठेवलाय."

मी तिच्या पदरात दुप्पट मासळी ओतली. डोळ्यांत खारं पाणी उडालं म्हणून माप चुकलं, असं मी सगळ्यांना सांगते.