दुसऱ्या बॉयलरला न पोचलेला निरोप

मित्रांनो, महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यामागे पत्र्याची शेड आहे. तिथे रिकाम्या पिंपांच्या आड माणसाच्या उंचीची एक राखाडी लोखंडी पेटी उभी आहे. ती पेटी मी. आता माझ्या पोटात उंदरांचे घर आहे. पूर्वी तिथे तारा होत्या, वेळ मोजणारी छोटी यंत्रे होती, आणि इशारा मिळताच 'टक्' करून वीज पुढे पाठवणारे रिले होते.

कारखान्यात तीन बॉयलर होते. तिघांची वाफ एकाच जाड नळात जमत असे. नळातला दाब उतरला की दुसऱ्याला पेटण्याचा निरोप द्यायचा, तरीही उतरला तर तिसऱ्याला, आणि दाब भरला की त्यांना विझवायचे, हे माझे काम. तिघे सारखे झिजावेत म्हणून दर आठवड्याला त्यांचा क्रमही मीच बदलत असे. १९८२ साली मी ठाण्याहून ट्रकने आले. तोवर बॉयलरवर प्रत्येक पाळीला दोन माणसे असत. मी आल्यावर त्या दोघांपैकी हैबतीला पोती उचलायला पाठवले आणि एकटा श्रीपत उरला. सगळे माझे कौतुक करीत होते, त्यामुळे हैबतीकडे माझे लक्ष गेले नाही.

श्रीपत गावाबाहेरच्या बौद्धवाडीत राहत असे. बॉयलर चालवण्याची सरकारी परीक्षा तो पास झाला होता. दर सोमवारी तो फोरमनकडून किल्ली आणून माझे दार उघडी, ब्रशने धूळ काढी आणि रिलेंची टोके स्पिरिटच्या फडक्याने पुशी. माझ्या आत काय चालले आहे ते त्याला नुसत्या आवाजावरून कळे.

१९८५ ची खंडेनवमी आली. त्या दिवशी बॉयलर बंद होते. माझे दार पूजेसाठी सताड उघडले होते. फोरमन येसाजी पोलादपूरकडचा, घरची शेतीवाडी असलेला, आवाजाने खणखणीत माणूस. त्याने नारळ उचलला आणि माझ्याच लोखंडी कडेवर आपटायला हात वर केला.

"येसाजीराव, दारात फोडा की. आत विजेचं काम हाय," श्रीपत म्हणाला.

"तुला हात जोडायचे नसतील तर नको जोडू. आमचा नारळ कशाला अडवतोस?"

"नारळ नाय अडवत. पानी आत जाईल, येवढंच बोलतोय."

"जाऊ दे रे! विजेलापण परसाद नको?" सगळे हसले. नारळ फुटला, आणि पाण्याची चिळकांडी थेट दुसऱ्या बॉयलरच्या रिलेवर उडाली. श्रीपत फडके घेऊन पुढे झाला, पण येसाजीने दार लावले, कुलूप घातले आणि किल्ली पूजेच्या ताटात ठेवली. पूजलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नसतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कारखाना सुरू झाला. श्रीपतने सकाळीच किल्ली मागितली.

"आधी वाफ दे," येसाजी म्हणाला. "पेटी सोमवारी उघड."

अकराच्या सुमारास नळातला दाब उतरला. मी नेहमीप्रमाणे दुसऱ्याला निरोप दिला. रिलेने 'टक्' केले, निरोप सुटल्याचा दारावरचा हिरवा दिवाही लागला. पण टोकांवर सुकलेल्या गोड पाण्याचा चिकट थर होता. निरोप तिथेच अडला. दुसरा बॉयलर पेटतो आहे असे समजून, तिसऱ्याला न उठवता, मी ठरलेली वेळ मोजत राहिले. श्रीपत तेव्हा शेजारच्या खोलीत बॉयलरचे पाणी तपासत होता. पूर्वी ते काम हैबती करी. दुसरा बॉयलर पेटल्याचा आवाज येईना, तसा श्रीपत धावत आला. दिवा लागलेला आणि बॉयलर थंड, हे पाहून त्याने मला बंद केले आणि स्वतःच्या हाताने बॉयलर पेटवला. तोवर वाफ कमी पडून मोठ्या भांड्यात शिजणारा रंगाचा माल दगडासारखा घट्ट झाला होता.

दुपारी इंजिनिअरसाहेब आले. येसाजीने माझे दार हिसका देऊन उघडले. त्या हिसक्याने टोकांवरचा थर तडकला असावा. साहेबांनी दुसरा रिले चालवून पाहिला. निरोप पोचला. पुन्हा चालवला, पुन्हा पोचला. तिसऱ्यांदाही.

"यंत्र चुकत नाही, श्रीपत. माणूस चुकतो. तू जागेवर नव्हतास."

एवढी मोठी शाबासकी मला पुन्हा कधी मिळाली नाही.

"साहेब, रिले काढून बघा. त्यावर नारळाचं पानी सुकलंय."

"येसाजीराव, पाणी आत गेलं होतं?"

येसाजी स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिला. "पूजा व्यवस्थित झाली, साहेब. हा एकटाच हात जोडत नव्हता."

"नव्हतो जोडत," श्रीपत म्हणाला. "मी पुसायला फडकं घेऊन उभा होतो."

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. त्याला कमी केल्याचे मला नव्या माणसाच्या तोंडून कळले. त्या नव्या माणसाने माझे दार कधीच उघडले नाही.

आठ महिन्यांनी दुसरा रिले पुरता बंद पडला. ठाण्याहून मेकॅनिक आला. त्याने तो उपटून उजेडात धरला. टोके हिरवी पडली होती.

"साहेब, यात कधीतरी गोड पाणी गेलंय. तेव्हापासून हा अधूनमधून दगा देत असणार."

"नवा बसव," साहेब म्हणाले. मेकॅनिकने कागदावर 'नेहमीची देखभाल' असे लिहिले आणि साहेबांनी त्यावर सही केली. येसाजी तिथेच उभा होता. श्रीपतचे घर कारखान्यापासून चालत वीस मिनिटांवर आहे. ती वीस मिनिटे कोणी चालले नाही.

मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, हार घाला, असे मी सांगणार नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाताखाली यंत्रेही असतील आणि माणसेही. एखाद्या माणसाचे म्हणणे खोटे ठरवायला तुम्ही यंत्र तीनदा चालवून पाहाल आणि ते तिन्ही वेळा चालेल. तेव्हा माझी आठवण ठेवा. मी तिन्ही वेळा चालले होते.