उन्हाची धाव

"दिनांक २१ एप्रिल रोजी सकाळी अकरा वाजता धावण्याचा नियोजित सराव सर्वसाधारण हवामानात घेण्यात आला. प्रशिक्षणार्थींना उष्णतेपासून संरक्षणाची साधने पुरविण्यात आली होती. प्रशिक्षक श्री. योगीराज जोगदंड यांनी स्वतः झेंडा घेऊन सर्वांच्या पुढे पाच किलोमीटर अंतर पूर्ण केले व त्यांना कोणताही त्रास झाला नाही. सबब, कु. भक्ती दत्ता गिराम हिला झालेला त्रास हवामानामुळे नसून वैयक्तिक अशक्तपणामुळे व उपाशीपोटी धावल्यामुळे झाला, असा समितीचा एकमताने निष्कर्ष आहे."

या निष्कर्षाप्रत यायला सोनपेठच्या रणवाट भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्राच्या त्रिसदस्य समितीला नऊ दिवस लागले. माधवी गिरामला तो वाचायला चार मिनिटे पुरली. मग तिने चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. परभणीच्या महाविद्यालयात बावीस वर्षे इतिहास शिकवताना निजामी अमलातले मोडी आणि उर्दू कागद तिने इतके उलथेपालथे केले होते, की सरकारी भाषेतल्या खोटेपणाचा तिला आता राग येत नसे, वासच येई. विद्यार्थ्यांना ती सांगत असे, कागदात 'सबब' हा शब्द आला की थांबा. त्याच्या आधी कारण असते असे लोक समजतात. बहुधा तिथे सोय असते, आणि नंतर ज्याला बोलता येत नाही त्याचे नाव.

या खेपेला ते नाव तिच्या भाचीचे होते. भक्तीचे वय एकोणीस. अकरा दिवस ती दवाखान्यात होती, त्यांतले पहिले दोन शुद्धीवर नव्हती. उन्हाच्या झटक्याने स्नायू विरघळले आणि त्यांचा गाळ किडन्यांत बसला, असे डॉक्टरांनी सोप्या शब्दांत समजावले होते. दोनदा डायलिसिस करावे लागले. सहा महिने धावणे बंद, आणि रोज तीन लिटर पाणी.

'सर्वसाधारण हवामान' या शब्दांखाली माधवीने रेघ ओढली. त्याच तारखेला, केंद्र चालवणाऱ्या संस्थेचीच प्राथमिक शाळा 'तीव्र उष्म्यामुळे' साडेदहालाच सोडण्यात आली होती. त्या आदेशावर अध्यक्ष पंडितराव यांची सही होती, आणि या अहवालावरही. एकाच मनुष्याच्या मते साडेदहाला जे ऊन तीव्र होते ते अकराला सर्वसाधारण झाले होते. निसर्गाने ही कृपा सोनपेठवरच का करावी, याचा उलगडा समितीने केला नव्हता. संरक्षणाच्या साधनांची यादी परिशिष्टात होती. यादीत एकच नोंद होती : 'कांदे, नग बारा, प्रत्येकी खिशात ठेवण्यासाठी.' आणि ज्या उपाशीपोटी धावण्याबद्दल मुलीला दोष दिला होता, तो केंद्राच्या भिंतीवर रंगवलेला नियम क्रमांक चार होता. धावण्याआधी काही खायचे नाही आणि झेंडा रोवल्याशिवाय पाणी प्यायचे नाही.

झेंडा म्हणजे हातभर काठीला बांधलेले लाल फडके. रणवाटमध्ये सगळे त्याच्याभोवती फिरत असे. योगीराज सर तो घेऊन पुढे पळत, मुली मागे. झेंड्याच्या पुढे जायचे नाही, झेंडा थांबल्याशिवाय थांबायचे नाही. आषाढात काळी माती बुटाला अशी धरायची की एकेक पाय शेरभर जड होई. पौषात पहाटे बोटे वळत नसत. आणि चैत्रात आठवड्यातून तीनदा 'उन्हाची धाव'. का, तर भरतीचे मैदान सावली बघून होत नाही. खुद्द योगीराज सर आपल्या भरतीत भर दुपारी शेवटच्या फेरीला कोसळले होते, वर्दी तिथेच राहिली होती. तेव्हापासून ते रोज आपला पळतानाचा फोटो स्टेटसला लावत आणि खाली लिहीत, 'वातावरण बघणाऱ्याला वर्दी बघत नाही.' बारा मुली तो फोटो बघून उठत. अंथरुणात कुणाचे मन कच्चे झाले तरी त्या लाल फडक्याची लाज वाटून पाय बुटात जात. हे सगळे माधवीला भक्तीनेच सांगितले होते, आणि सांगताना तिचा चेहरा देवळातून आल्यासारखा होता.

बाकीच्या अकरा मुलींचे जबाब अहवालाला जोडले होते. अकराही जणींना एकाच ठिकाणी स्वल्पविराम सुचला होता. माधवीने दोघींना फोन केला. दोघींनी एकच सांगितले, "मॅडम, पंधरा तारखेपासून आमची नवी बॅच हाय. आमाला मधी घेऊ नका."

भक्ती दवाखान्यातून सुटल्यावर माधवीकडेच परभणीत राहत होती, तपासणीला बरे म्हणून. त्या दिवशी अहवाल हातात घेऊन माधवी आतल्या खोलीत आली तेव्हा भक्ती बुटाच्या नाड्या बांधत होती. बाहेर सव्वादहाचे ऊन फरशीवर चढले होते.

"कुठं निघालीस?"

"गच्चीवर. नुसतं चालायलेय, आत्या. पळत न्हाई."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"सहा महिने म्हणले. भरती काय सहा महिने थांबायलीय का माझ्यासाठी? मी पंधराच्या बॅचला जायलेय."

"भक्ती, मरता मरता वाचलीस तू."

"तेच तर." तिने नाडीची गाठ करकचून आवळली. "तेच ऊन, तोच रस्ता. सर बी पळालेच ना? त्यांना काय झालं? मीच कच्ची निघाले. सगळ्यांपुढं पडले, ते बी झेंडा हातात असताना."

माधवी खुर्चीवर बसली. "झेंडा तुझ्या हातात होता?"

भक्ती ओशाळली, आणि त्या ओशाळण्यात थोडा अभिमानही होता. "सर म्हणले, आज तू घे. मी पाठीमागून ढिल्यांना हाकतो. पहिल्यांदाच कुणा पोरीला दिला त्यांनी."

"इथं लिहिलंय, सर झेंडा घेऊन पुढं होते."

"लिहिणाराचं चुकलं असंल. सर पाठीमागं होते."

"तू पाहिलंस त्यांना?"

"झेंडेकऱ्यानं मागं वळून बघायचं नसतं, आत्या." हे ती इतक्या सहज बोलली, की बावीस वर्षांत वाचलेल्या सगळ्या फर्मानांपेक्षा माधवीला त्या एका वाक्याची जास्त भीती वाटली. आज्ञा कागदावर असेपर्यंत तिच्याशी भांडता येते. ही मुलीच्या मानेत जाऊन बसली होती.

संध्याकाळी भक्तीची आई सुलाबाई गावाकडून डबा घेऊन आली. माधवी तेव्हा अहवालाला पुरावा म्हणून जोडलेला फोटो भिंगाखाली धरून बसली होती. फोटोत योगीराज सर झेंडा घेऊन धावत होते, खाली '२१ एप्रिल' असे छापले होते. माधवी सावलीची लांबी मोजत होती. अकराच्या उन्हात सावली पायाशी यायला हवी, ही तर रस्ताभर पसरली आहे, असा तिचा युक्तिवाद होता, आणि त्यासाठी ती सूर्याच्या उंचीचे कोष्टक शोधत होती.

सुलाबाईने डबा ठेवला आणि पदराला हात पुसत डोकावून पाहिले.

"वन्स, ही ज्वारी कुणाची हो?"

"कुठली ज्वारी?"

"ही काय, सरांच्या पाठीमागं. चांगली कणसात हाय. चैतात कुणाच्या रानात उभी ज्वारी असती? आमच्याकडं तर कडबा बी रचून झाला, नांगरट चालूय." तिने आणखी जवळून पाहिले. "ही संक्रांतीच्या मागची-पुढची हाय."

माधवीने भिंग खाली ठेवले. कोष्टकाची गरज उरली नव्हती. कोष्टक शोधत बसल्याची थोडी लाजही वाटली तिला, पण तिचा आता काही उपयोग नव्हता म्हणून तिने ती बाजूला सारली.

आठ मेला समितीने पालकांना 'म्हणणे मांडण्यासाठी' बोलावले. भक्तीला घरी ठेवायचे ठरले होते, पण ती आधीच एसटी स्टँडवर जाऊन उभी राहिली. सरांना नुसते भेटायचे आहे, म्हणाली. सोनपेठला उतरल्यावर ती सर्वांच्या पुढे चालू लागली, आणि दर वीस पावलांनी, कुणाला कळणार नाही अशा बेताने, कंबरेवर हात ठेवू लागली.

कार्यालयात कूलर घरघरत होता. पंडितरावांनी तिघींसाठी थंड मागवले. योगीराज सर भिंतीला लागून बसले होते. तिशीचा, अंगाने काटक माणूस. त्याने भक्तीकडे एकदा पाहिले आणि मग टेबलाच्या कडेकडेच पाहत राहिला.

"मॅडम, तुमी शिकलेल्या," पंडितराव म्हणाले. "आमचे बाप-आजे ह्याच उन्हात रानात राबले. त्यांना कधी काय झालं?"

"त्यांना तहान लागली की ते पाणी पीत होते, अध्यक्षसाहेब. कुणी झेंडा रोवण्याची वाट बघत नव्हते."

"आता तुमी वाकड्यात शिरायल्या."

"अहवालात सर पुढं होते, असं आहे. मुलगी सांगते, झेंडा तिच्याकडं होता."

"पुढं काय, मागं काय? पळाले ना ते? पाच किलोमीटर पळाले आणि ठणठणीत हायत. मुद्दा तो हाय."

माधवीने फोटो टेबलावर ठेवला आणि सुलाबाईकडे पाहिले. सुलाबाईने बोट ठेवले. आवाज चढवला नाही.

"सर, तुमी बी कुणब्याचेच. ही ज्वारी चैतातली हाय का?"

योगीराज सरांनी फोटो पाहिला, आणि पाहताना त्यांना सगळे समजल्याचे माधवीला दिसले. पंडितराव मात्र तयार होते. "फोटो नमुन्यादाखल हाय. टायपिंगमधी तारीख चुकली असंल. त्यानं काय सर पळाले न्हाईत असं होतं का?"

होत नव्हते. तर्काच्या दृष्टीने त्यांचे बरोबर होते, आणि माधवीला ते ठाऊक होते. खोटा फोटो अहवालाला खोटा ठरवतो, माणूस त्या दिवशी कुठे होता हे सांगत नाही. तिच्याजवळ पुढचा प्रश्न होता, त्याच्यानंतरचाही होता, ती वही उघडू लागली.

"आई, गप की आता!" भक्ती मध्येच उभी राहिली. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "सर, घरच्यांचं मनावर घेऊ नका. त्यांना पळण्यातलं कळत न्हाई. मी पंधराला येते. ह्या खेपेला पडत न्हाई बघा. तयारी चालूय माझी."

"कसली तयारी?" सरांनी विचारले. खोलीत आल्यापासूनचे त्यांचे हे पहिले शब्द.

"पाण्याशिवाय ऱ्हायची. तिथंच कमी पडले ना मी? चार दिवस झाले, उठल्यापासून दुपारपर्यंत थेंब घेत न्हाई. आत्या तांब्या भरून ठेवते, मी मोरीत ओतते."

सुलाबाईच्या तोंडून 'अगं बाई' एवढेच निघाले. माधवीची वही उघडीच राहिली. चार दिवस ती रिकामा तांब्या पाहून समाधान मानत आली होती. कागदावरचा प्रत्येक शब्द तपासणाऱ्या बाईने तांब्या तपासला नव्हता. तिने टेबलावरचा थंडाचा ग्लास उचलून भक्तीपुढे धरला. भक्तीने तो घेतला नाही. ती सरांकडे पाहत होती, त्यांनी 'शाब्बास' म्हणावे म्हणून.

"पाणी पी," सर म्हणाले.

"चालतंय सर, दुपारनंतर..."

"पी म्हणतो ना!" ते इतक्या जोरात ओरडले की दारातला शिपाई आत डोकावला. मग ते उठले. "कागद द्या."

"योगीराज, खाली बसा," पंडितराव म्हणाले. "तुमच्या नोकरीचा इच्चार करून बोला."

"बोलत न्हाई साहेब. लिहायलोय."

कोरा कागद कुणी दिला नाही, तेव्हा त्यांनी अहवालाचीच प्रत पालथी घातली आणि उभ्याउभ्याच लिहिले. लिहायला फार वेळ लागला नाही. बऱ्याच दिवसांपासून पाठ असल्यासारखे ते लिहीत होते. खाली सही केली, तारीख घातली, आणि तो कागद समितीपुढे न ठेवता भक्तीच्या हातात दिला.

भक्तीने तो उभ्यानेच वाचला. दुसऱ्यांदा वाचताना ती बसली. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर, कागदावरची नजर न काढता, तिने दुसऱ्या हाताने टेबलावरचा ग्लास चाचपला आणि तो तळापर्यंत रिकामा केला. पंडितरावांनी कागदासाठी हात पुढे केला, तेव्हा माधवीने आधी आपल्या वहीत त्याची नक्कल करून घेतली, एक शब्दही न बदलता :

"मी योगीराज जोगदंड लिहून देतो की २१ एप्रिलला मी पळालो नाही. निघतानाच मला गरगरायला लागलं, ऊन लय होतं. आज नको, असं म्हणायला पाहिजे होतं, पण रोज स्टेटसला वातावरण बघू नका म्हणून लिहितो, ते बारा पोरींपुढं मागं घ्यायची लाज वाटली. झेंडा भक्तीला दिला आणि मी ओढ्याच्या पुलाखाली सावलीला बसलो. तिथं दोन बाटल्या पाणी प्यालो. दुसरीला झेंडा दिला असता तर दमल्यावर ती मधीच थांबली असती, सगळ्यांनी मागं वळून बघितलं असतं आणि मी पाठीमागं नाही ते दिसलं असतं. भक्ती थांबणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून तिलाच दिला."