झोपाळ्याची कडी

माझं माहेर साताऱ्याचं. शाळेत मी दोरीच्या मल्लखांबावर चढायचे आणि फार छान चढायचे. हे मीच सांगते, कारण आता दुसरं कोणी सांगायला उरलेलं नाही. आठवीत असताना एकदा वडील मैदानावर आले, दोरीखाली उभे राहिले आणि म्हणाले, "खाली ये." मी उतरले. त्यानंतर मला कोणी चढू दिलं नाही. कारण विचारलं की आई म्हणायची, मोठी झालीस आता. मोठं झालं की खाली उतरायचं असतं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आज एकोणचाळिसाव्या वर्षीही पटत नाही.

त्यामुळे गेल्या वर्षी फोनवर एक बाई छताला टांगलेल्या लांबलचक कापडावर चढताना दिसली, तेव्हा माझ्या तळहातांना घाम फुटला. त्याला एरियल सिल्क म्हणतात. नाव सिल्क, कापड मात्र नायलॉनचं. सांगलीत ते शिकवणारं कोणी मला सापडलं नाही. पुण्याच्या प्रीती मॅडम ऑनलाइन शिकवतात असं कळलं आणि मी नवऱ्याला न विचारता नाव घातलं. सम्मेद नाही म्हणाला नसता. पण आधी आप्पांना विचार, एवढं नक्की म्हणाला असता.

आप्पा म्हणजे माझे सासरे, बाळगोंडा पाटील, हळदीचे व्यापारी. विश्रामबागेतलं आमचं घर त्यांनी उभं राहून बांधून घेतलं, आणि घरामागचं हळदीचं गोदामही. कुठल्या खिडकीची चौकट कोणी बसवली हे ते अजून सांगतात, विचारलं नाही तरी सांगतात.

प्रीती मॅडम सव्वीस वर्षांच्या. मॅडम म्हणायला मला पहिल्या दिवशी जड गेलं, दुसऱ्या दिवसापासून नाही. पहिला महिना त्यांनी कापडाला हातच लावू दिला नाही. नुसते खांदे, पोट आणि मुठी. वर्ग संध्याकाळी सातला असायचा. आमच्या जैन घरात सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळे मी भरल्या पोटी जमिनीवर पाय वर करून पडले आणि आमटी गळ्याशी आली. दुसऱ्या दिवशी मी वेळ बदलून सकाळी सहाची घेतली. देवाला आणि प्रीती मॅडमना दोघांनाही चाललं.

दुसऱ्या महिन्यात कापड कुठे टांगणार हा प्रश्न आला. मॅडमची अट साधी होती. जाणकाराने जागा बघायची, माझ्या वजनाच्या दहापट भार लावून दाखवायचा, आणि तोपर्यंत चढणं बंद. चढायला लागल्यावरसुद्धा खाली जाड गादी, जवळ एक माणूस, आणि सुरुवातीला स्वतःच्या डोक्यापेक्षा उंच जायचं नाही.

मी खुशीत कळवलं की जागा आहे. आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, आप्पांचा झोपाळा आहे. आठवड्यातून चार दिवस सकाळी तासभर तो काढायचा आणि एका कडीला कापड अडकवायचं, एवढंच. झोपाळा काढायचा म्हटल्यावर आप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण कडी तपासायची म्हटल्यावर ते खरे दुखावले.

"तीस वर्सं चार-चार माणसं बसत्यात त्येच्यावर," ते म्हणाले. "तू एकटी. तुला इंजिनेर कशाला लागतुय?"

घरात सगळ्यांना हे पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं, आणि मी तेच मॅडमना लिहून पाठवलं. त्यांचं उलट एकच वाक्य आलं: कड्या किती? कड्या चार होत्या. म्हणजे चार माणसं चार कड्यांवर, एकीच्या वाट्याला एक. मी फिजिक्सची पदवीधर आहे. लाज वाटून मी ते दिवसभर कोणाला सांगितलं नाही.

सम्मेदचा मित्र राजवर्धन कराडला इंजिनिअर आहे. तो रविवारी आला, शिडीवर चढला, कडी ठोकून बघितली आणि म्हणाला की स्लॅबच्या आत काय आहे ते खालून कळत नाही. हवं तर थोडं थोडं वजन लावून बघू, पण खाली कोणी थांबायचं नाही. माझ्या घराची परीक्षा घ्यायला आलाय, असं आप्पा त्याच्यासमोरच म्हणाले. मग त्यांनी स्वतःच गोदामातून हळदीची पोती आणवली. बघूनच घ्या, असा त्यांचा आवेश होता.

एका कडीला साखळी, साखळीला फळी, फळी जमिनीपासून वीतभर वर. एकेक पोतं पन्नास किलोचं. चार पोती बसली. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. पाचवं पोतं ठेवून हमाल मागे सरले आणि कड्कन आवाज होऊन कडी, साखळी, पोती आणि छताचा ढपला सगळं एकदम खाली आलं. दोन पोती फुटली. सोपा पिवळा झाला, आम्ही पिवळे झालो, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा पिवळं झालं.

राजवर्धनने कडी उचलली. तिचं वरचं टोक कुठल्याच सळीत अडकवलेलं नव्हतं. तीस वर्षं ती नुसती सिमेंटमध्ये रुतून बसली होती. बाकीच्या तिघींचीही तीच गत असणार.

आप्पांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली. मग म्हणाले, "स्लॅबच्या दिवशी दिवसभर हुतो मी वर. दिवस मावळायला आला म्हणून तेवढं जेवायला गेलतो. अर्धा तास."

त्या अर्ध्या तासात गवंड्याने कड्या खोचल्या होत्या. दुपारची झोप आप्पा रोज त्याच झोपाळ्यावर घ्यायचे. सणाला घरातल्या सगळ्या बायका त्यावर दाटीवाटीने बसायच्या. झोपाळा त्याच संध्याकाळी उतरवला आणि आप्पा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायला लागले. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सम्मेद म्हणाला, आता राहू दे, त्यांना लागलंय. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण थांबण्याइतकं नाही. मी रोज सकाळी सहाला जमिनीवरचे व्यायाम करत राहिले, त्यांच्या खुर्चीसमोर.

नवव्या दिवशी आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले की गोदामातली लोखंडी तुळई राजवर्धनला दाखवा. त्या तुळईला चेनपुली लावून पोती माळ्यावर चढवतात. राजवर्धनने खांब बघितले, दोन बोल्ट बदलायला लावले आणि पुन्हा वजन लावलं. या वेळी बारा पोती. आप्पा हातात घड्याळ घेऊन समोर बसले. तासाभराने ते उठले आणि हमालाला म्हणाले, "अजून एक चढीव." तेरावंही टिकलं.

त्यानंतर आप्पा माझ्या वर्गाला बसायला लागले. फोन तेच धरायचे. मी कापसाच्या गाद्या अंथरल्या तर मॅडमनी त्या नाकारल्या, मग फोमची वीतभर जाड गादी मागवली. रोज चढण्याआधी मॅडम यादी विचारायच्या: तुळई, साखळी, कॅराबिनर, कापड, गादी, दागिने. कॅराबिनर म्हणजे कापड अडकवायचा लोखंडी हूक. त्याला स्क्रूचं झाकण असतं. ते पूर्ण फिरवलं नाही तर आतली लाल रेघ उघडी दिसते. आप्पा ही यादी मॅडमच्या बरोबरीने पुटपुटायचे. मंगळसूत्र काढून मी खुंटीला लावलं. खुंटी पक्की आहे का, तेवढं त्यांनी हलवून बघितलं.

दोन महिने मी गुडघ्याएवढ्या उंचीवर काढले. पायाला कापडाचा वेढा घालायचा, उभं राहायचं, सोडवायचं. उजवीकडून, मग डावीकडून. तळव्यांना घट्टे पडले. कंटाळा आला की मॅडमचा राग यायचा, आणि राग आला की मी आणखी दहा वेळा करायचे.

मग एका शुक्रवारी मॅडम म्हणाल्या, उद्या डोक्याच्या वर जायचं, तीन पकडी. रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी शिडीवर चढून कापड अडकवलं, खाली आले, गादी ओढली. मॅडमनी यादी विचारली. मी सगळ्याला हो म्हटलं, भराभर हो म्हटलं, आणि कापड मुठीत धरलं.

पहिली पकड. कापड पायात अडकलं, मी उभी राहिले. दुसरी पकड. गोदामाची उंच खिडकी माझ्या डोळ्यांसमोर आली, तिच्यातून शेजारच्यांची नारळाची झाडं दिसत होती. आठवीनंतर मी इतकी वर गेले नव्हते. मी तिसऱ्या पकडीसाठी हात वर केला.

"गुणमाला, खाली ये," आप्पा म्हणाले.

माझ्या डोक्यात सणक गेली. तोच आवाज, तसाच खालून. मी म्हणाले, "न्हाई येणार, आप्पा. ह्या बारीला न्हाई."

"खाली ये म्हनतुय न्हवं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती, आणि ती ऐकून मी उतरले. पाय सोडवला, हळूहळू गादीवर आले. डोळ्यांत पाणी होतं आणि ते रागाचंच होतं. आता ऐकवायचंच म्हणून मी त्यांच्याकडे वळले. त्यांनी काठी उचलून वर दाखवलं. आप्पांना हातातला पेपर वाचता येत नाही, पण लांबचं लख्ख दिसतं. तुळईखाली कॅराबिनरवर लाल रेघ उघडी होती. झाकण अर्धंच फिरलं होतं. कॅराबिनर, असं मॅडमनी विचारलं होतं आणि मी न बघता हो म्हटलं होतं. घराची कडी तपासायला लावणारी मी.

मी शिडी लावली, वर गेले, झाकण शेवटपर्यंत फिरवलं, ओढून बघितलं, पुन्हा बघितलं. खाली येऊन कापडाला थोडा वेळ नुसती लोंबकळले. मग यादी सुरुवातीपासून म्हटली, मोठ्याने, प्रत्येक गोष्टीकडे बघून. आप्पांकडे बघायचा मात्र धीर होत नव्हता.

त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि फोन पुन्हा दोन्ही हातांनी सरळ धरला.

"आता चढ," ते म्हणाले.

सव्वीस वर्षं मी कोणीतरी हे म्हणायची वाट बघत होते. मी चढले.